ॲल्युमिनियमच्या चकचकीत चाकांची निगा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी गाडी वर्षातले काही महिने रत्नागिरीत आणि उरलेले पुण्यात असते. त्यामुळे खारी हवा, जांभ्याची लाल माती, घाटातला पाऊस आणि बोअरचे क्षारयुक्त पाणी या चारही गोष्टी माझ्या चाकांनी सोसल्या आहेत. आजवर जी बिघडलेली अलॉय चाके मी पाहिली, त्यांपैकी बहुतेक दुर्लक्षामुळे बिघडलेली नव्हती. मालकाने हौसेने, पण चुकीच्या द्रवाने किंवा चुकीच्या ब्रशने साफ केल्यामुळे ती बिघडली होती. पुढील उत्तरे हा अनुभव समोर ठेवून लिहिली आहेत.

माझ्या चाकांचा पृष्ठभाग नेमका कोणता आहे, हे कसे ओळखावे?

इतर कोणत्याही प्रश्नाआधी याचे उत्तर मिळवणे गरजेचे आहे, कारण एका प्रकारच्या चाकाला जे औषध ठरते तेच दुसऱ्याला विष ठरते. बाजारात ‘अलॉय’ या एकाच नावाखाली निदान चार प्रकारची चाके विकली जातात. पहिल्या प्रकारात ॲल्युमिनियम घासून, बफ करून आरशासारखे केलेले असते आणि त्यावर कोणताही थर नसतो. दुसरा प्रकार ‘डायमंड कट’ म्हणून ओळखला जातो. त्यात आधी चाक रंगवतात, मग लेथवर दर्शनी भाग कापून चकचकीत धातू उघडा करतात आणि शेवटी त्यावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर देतात. गाडीच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीकडून येणारी चकचकीत चाके बहुधा याच प्रकारची असतात. तिसरा प्रकार पूर्ण रंगवलेल्या चाकांचा आणि चौथा ॲनोडाइझ (विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा जाड थर चढवलेल्या) किंवा क्रोम केलेल्या चाकांचा.

ओळखण्याची खूण सोपी आहे. चाकाच्या आतल्या, सहज न दिसणाऱ्या जागी नखाएवढ्या भागावर पांढऱ्या सुती फडक्याने मेटल पॉलिश हलकेच घासावे. फडके लगेच काळे झाले तर धातू उघडा आहे. फडके पांढरेच राहिले, किंवा त्याला चाकाचा रंग लागला, तर वर कोणता तरी थर आहे आणि त्या चाकाला मेटल पॉलिश लावायचे नाही. जवळून निरखल्यास डायमंड कट चाकावर ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा अतिशय बारीक, एककेंद्री रेषा दिसतात. हाताने बफ केलेल्या चाकावर त्या नसतात.

ॲल्युमिनियम गंजत नाही असे आपण ऐकतो. मग चाकांची चमक का जाते?

ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, पण त्याचा अर्थ ते हवेला आणि पाण्याला दाद देत नाही असा नाही. घासलेल्या धातूला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर तयार होतो. तो अवघा काही नॅनोमीटर जाडीचा, पारदर्शक आणि घट्ट चिकटलेला असतो, आणि खालच्या धातूचे रक्षण तोच करतो. पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप) साधारण ४ ते ८.५ यांच्या दरम्यान असेपर्यंत हा थर टिकतो. त्याहून तीव्र आम्ल लागले तरी तो विरघळतो आणि तीव्र अल्कली लागली तरी विरघळतो. ही दुहेरी नाजूकता ध्यानात न घेतल्यामुळेच अनेकांची फसगत होते, कारण ‘ॲसिड नको’ इतके त्यांना माहीत असते, पण कॉस्टिक सोडा असलेले द्रव ते निर्धास्तपणे वापरतात.

आपल्या स्वयंपाकघरांत हे ज्ञान फार पूर्वीपासून आहे. जर्मनच्या पातेल्यात चिंचेचा सार किंवा ताक ठेवू नये, असे घरातल्या मोठ्या बायका सांगत आल्या. धुण्याच्या सोड्यात उकळलेले जर्मनचे भांडे काळवंडते, हेही त्यांनी पाहिलेले होते. जर्मनचे भांडे आणि गाडीचे चाक यांच्या मिश्रधातूंत फरक असला तरी दोन्हींचे मूळ ॲल्युमिनियमच आहे, आणि दोघांचा स्वभावही एकच आहे.

तिसरा शत्रू मीठ. क्लोराइड हा थर सरसकट विरघळवत नाही. तो एखाद्या कमकुवत बिंदूवर थर भेदतो आणि तिथून खाली खड्डा खोदत जातो. म्हणून समुद्राकाठच्या गाड्यांच्या चाकांवर आधी सुईच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसतात आणि ठिपका पुसला की खाली खाच सापडते.

चाकांवर जमणारी काळी-तपकिरी पूड कसली असते, आणि ती पुढच्याच चाकांवर जास्त का दिसते?

ती ब्रेकची पूड असते. ब्रेक लावताना ओतीव लोखंडाची डिस्क आणि ब्रेकचे पॅड दोन्ही झिजतात, आणि लोखंडाचे तापलेले सूक्ष्म कण पॅडमधील राळेसह उडून चाकावर चिकटतात. ब्रेक लावल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो आणि पुढच्या ब्रेकना अधिक काम पडते. शिवाय आपल्याकडच्या अनेक गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात, त्यांची पूड ड्रमच्या आतच अडकून राहते. म्हणून पुढची चाके काळी आणि मागची तुलनेने स्वच्छ, असे चित्र दिसते. पुढच्या चाकांना निम्म्या अंतराने, म्हणजे मागची एकदा धुतली तर पुढची दोनदा, असे धुणे योग्य.

ही पूड नुसती मळ म्हणून सोडून देता येत नाही. दमट हवेत तिच्यातले लोखंड गंजते, गंजताना फुगते आणि पृष्ठभागाला धरून ठेवते. उघड्या ॲल्युमिनियमवर तर लोखंड, ॲल्युमिनियम आणि ओलावा असे तिन्ही एकत्र आले की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजू लागते. दोन-तीन महिने राहिलेली पूड साबणाने जात नाही, याचे कारण हेच.

घरी चाके धुण्याची योग्य पद्धत कोणती?

गाडी सावलीत उभी करावी आणि चाके हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. घाट उतरून आल्यावर लगेच पाणी मारू नये. तापलेल्या चाकावर शाम्पू वाळून डाग पडतात आणि तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी पडणे ब्रेकसाठीही वाईट असते. एका वेळी एकच चाक पूर्ण करावे. चारही चाकांना साबण लावून मग पाणी मारायला गेल्यास पहिले चाक तोवर वाळलेले असते.

प्रथम भरपूर साध्या पाण्याने माती आणि खडी सुटी करून काढावी. घाईने पुसायला घेतल्यास पठारावरची काळी माती किंवा कोकणातली लाल माती पॉलिश पेपरसारखे काम करते. त्यानंतर सामू ७ च्या आसपास असलेला गाडीचा शाम्पू पाण्यात मिसळून मऊ केसांच्या ब्रशने किंवा मायक्रोफायबरच्या हातमोज्याने आतली बाजू, आऱ्यांमधील जागा आणि नटांचे खळगे धुवावेत, आणि दर्शनी भाग सर्वांत शेवटी घ्यावा. चाकांची बादली आणि फडकी गाडीच्या पत्र्यासाठी कधीही वापरू नयेत, कारण त्यांत लोखंडाचे कण राहतात. तारेची घासणी, काथ्या आणि भांड्यांचा हिरवा स्क्रबर यांना चाकाजवळ स्थान नाही.

खळबळून धुतल्यावर कोरडे पुसणे ही पायरी बहुतेक लोक गाळतात. माझ्या मते निम्मी निगा याच पायरीत आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब वाळला की क्षारांचे पांढरे वलय उरते आणि उन्हात ते पक्के होते. मायक्रोफायबरने पुसून, आऱ्यांच्या सांध्यांत फडक्याचे टोक घालून पाणी टिपून घ्यावे. नंतर गाडी थोडी चालवून दोन-तीनदा ब्रेक लावावेत, म्हणजे डिस्क कोरडी होते.

वॉशिंग सेंटरवाले चाकांना ‘ॲसिड’ मारतात. त्याने चाके नवीसारखी दिसतात, मग त्यात वाईट काय?

काही वर्षांपूर्वी प्रवासात मी एका ठिकाणी गाडी धुवायला दिली आणि चहा पिऊन परत आलो, तेव्हा तिथल्या मुलाने पुढच्या दोन्ही चाकांवर बाटलीतले द्रव फवारून झाले होते. ओली असताना चाके फार सुंदर दिसत होती. वाळल्यावर त्यांच्यावर दुधाची साय धरल्यासारखा पांढुरका पापुद्रा आला, आणि तो पुसून जाणारा नव्हता, कारण धातूच वरून खाल्ला गेला होता. ती दोन चाके पूर्ववत करायला मला तीन रविवार लागले. त्या मुलाचा मला राग आला नाही. त्या द्रवाने काय होते हे त्याला कोणीही सांगितलेले नव्हते, आणि तो ते उघड्या हातांनी वापरत होता, याचेच मला अधिक वाईट वाटले.

अशा द्रवांत मिठाचे आम्ल, फॉस्फरिक आम्ल किंवा ऑक्झॅलिक आम्ल असू शकते. काही तीव्र व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइडही असते, आणि ते तर माणसासाठीच घातक आहे. ते कातडीतून आत शिरते, शरीरातल्या कॅल्शियमशी संयोग पावते आणि सौम्य द्रावणाची वेदना कित्येक तासांनी सुरू होते, त्यामुळे भाजल्याचे वेळेवर कळतच नाही. असे द्रव अंगावर पडल्यास सतत वाहत्या पाण्याने धुवावे आणि बाटली सोबत घेऊन तातडीने रुग्णालयात जावे.

गाडी धुवायला देताना ‘चाकांना फक्त शाम्पू आणि पाणी’ असे स्पष्ट सांगावे आणि शक्य असेल तर जवळ उभे राहावे. शौचालयाचे किंवा फरशीचे ॲसिडयुक्त क्लीनर आणि कॉस्टिक सोडा असलेले ओव्हन किंवा चिमणी साफ करण्याचे द्रव यांनाही हीच मनाई लागू आहे. कॉस्टिक सोडा उघड्या ॲल्युमिनियमवर पडला की बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे, म्हणजे मळाऐवजी धातू विरघळत असतो.

लिंबू, चिंच, राख, टूथपेस्ट हे घरगुती उपाय चालतात का?

तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी चिंच आणि लिंबू उत्तम आहेत. ॲल्युमिनियमसाठी ते योग्य नाहीत, आणि राख तर मुळीच नाही, कारण लाकडाची राख अल्कलीयुक्त असते आणि खरखरीतही असते. टूथपेस्ट हे सौम्य घासद्रव्य आहे आणि छोट्या डागावर काम करते, परंतु चाकाएवढ्या पृष्ठभागावर एकसारखी चमक तिने येत नाही आणि क्लिअर कोटवर बारीक ओरखडे मात्र पडतात. क्षारांचे वलय काढण्यासाठी पाण्यात पातळ केलेले व्हिनेगर फडक्यावर घेऊन क्षणभर पुसावे आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे. घरगुती उपायांपैकी एवढा एकच मी वापरतो.

लावल्यावर जांभळे होणारे क्लीनर सुरक्षित आहेत का?

बहुतेक वेळा हो. त्यांत थायोग्लायकोलेट प्रकारचा क्षार असतो. लोखंडाच्या कणांशी त्याची क्रिया होऊन जांभळा रंग येतो आणि कण पाण्यात विरघळण्याजोगे होतात. त्यांचा सामू बहुधा मध्यम असतो, त्यामुळे क्लिअर कोट असलेल्या चाकांवर ते निश्चिंतपणे वापरता येतात. उघड्या ॲल्युमिनियमवर आधी लहान जागी चाचणी घ्यावी. थंड चाकावर फवारावे, तीन-चार मिनिटे थांबावे, वाळू देऊ नये आणि भरपूर पाण्याने धुवावे. गंधकाचा उग्र वास येतो, म्हणून मोकळ्या हवेत काम करावे आणि हातमोजे घालावेत. दोन-तीन महिन्यांतून एकदा वापर पुरेसा आहे. डांबराचे ठिपके याने जात नाहीत. त्यांसाठी टार रिमूव्हर किंवा फडक्याच्या टोकावर थोडे रॉकेल घ्यावे, डिस्कला आणि टायरला ते लागू देऊ नये, आणि नंतर ती जागा शाम्पूने धुवावी.

उघड्या ॲल्युमिनियमच्या चाकांना घरी पॉलिश कसे करावे?

चाक नीट धुऊन, वाळवून, जमल्यास गाडीवरून उतरवून घ्यावे. गाडीवरच पॉलिश करायचे असेल तर डिस्क आणि पॅड कापडाने पूर्ण झाकावेत, कारण पॉलिशमधले तेल ब्रेकला लागल्यास ब्रेक कमी लागतो. यात तडजोड करू नये.

ॲल्युमिनियमसाठीचे पॉलिश बोटभर घेऊन तळहाताएवढ्या भागावर सुती फडक्याने दाब देऊन घासावे. थोड्याच वेळात फडके काळेकुट्ट होते. तो काळा रंग निघून आलेल्या धातूचा आणि ऑक्साइडचा असतो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. मात्र ते काळे फडके तसेच घासत राहू नये, घडी बदलत जावी. पॉलिश पूर्ण वाळण्याआधी स्वच्छ फडक्याने पुसून काढावे आणि शेजारच्या भागाकडे जावे. संपूर्ण चाक झाल्यावर अधिक बारीक पॉलिशने दुसरा हात द्यावा. सोळा इंची चाकाला हाताने मला तासाभराहून अधिक वेळ लागतो, आणि ज्या चाकाला बारीक आऱ्या जास्त त्याला त्याहूनही अधिक. पितळेसाठीच्या काही पॉलिशमध्ये अमोनिया असतो, म्हणून ॲल्युमिनियमचा उल्लेख असलेलेच पॉलिश घ्यावे.

खड्डे किंवा खोल ओरखडे असतील तर पॉलिशने ते जात नाहीत. त्यांच्यासाठी ओला वॉटर पेपर लागतो. ६०० नंबरपासून सुरुवात करून ८००, १०००, १५०० आणि २००० अशा क्रमाने वर जावे, आणि प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा आडवी-उभी बदलावी, म्हणजे आधीच्या पेपरच्या रेषा पूर्ण गेल्या की नाही ते दिसते. ज्या नंबरने काम भागते त्याहून खरखरीत, म्हणजे कमी नंबरचा, पेपर कधी घेऊ नये. एक पायरी गाळली तर तिच्या रेषा शेवटी उन्हात चकाकतात आणि पुन्हा मागे जावे लागते. हे मी स्वतःच्या चाकावर अनुभवले आहे.

काही चाकांवर कितीही मेहनत घेतली तरी पूर्ण आरसा उमटत नाही. ओतीव चाकांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ए३५६ या मिश्रधातूत सुमारे ७ टक्के सिलिकॉन असते आणि ओतकामात बारीक छिद्रेही राहतात. वरचा थर घासला की ती उघडी पडतात. दाबाखाली घडवलेल्या, म्हणजे फोर्ज्ड चाकांचा धातू दाट असतो. मालमोटारींसाठी घडीव ॲल्युमिनियमचे चाक अल्कोआ या अमेरिकन ॲल्युमिनियम कंपनीने १९४८ मध्ये आणले, आणि लांब पल्ल्याच्या परदेशी ट्रकांच्या चाकांत दिसणारा तो खोल आरसा या घडीव धातूमुळेच शक्य होतो.

ड्रिल मशिनला बफ लावून काम लवकर होईल का?

होईल, परंतु वेग कमी ठेवावा आणि एका जागी मशिन थांबवू नये, कारण कडा आणि कोपरे पटकन झिजतात. चष्मा आणि मास्क आवश्यक आहेत. ॲल्युमिनियमची कोरडी, बारीक धूळ पेट घेऊ शकते, म्हणून त्याच जागी लोखंडावर ग्राइंडर चालवून ठिणग्या उडवू नयेत आणि काळी झालेली फडकी ढीग करून ठेवू नयेत. बफिंगच्या दुकानात चाके देणार असाल तर त्यांच्याकडे स्टीलसाठी आणि ॲल्युमिनियमसाठी वेगळे बफ आहेत का, हे विचारावे. एकच बफ असल्यास लोखंडाचे कण तुमच्या चाकात रुततात.

पॉलिशनंतर वॅक्स लावावे, सिरॅमिक कोटिंग करावे की क्लिअर कोट मारून घ्यावा?

काहीतरी लावावेच, कारण नुकतेच घासलेले ॲल्युमिनियम पावसाळी हवेत काही आठवड्यांत मंदावते. त्याआधी पॉलिशचे तेल शाम्पूने धुऊन काढावे, नाहीतर वरचा थर धरत नाही.

कार्नोबा हे वनस्पतिजन्य वॅक्स ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळते. कुंभार्लीसारखा घाट उतरताना ब्रेकची उष्णता चाकापर्यंत पोहोचते आणि वॅक्सचा थर लवकर विरतो, म्हणून चाकांना कृत्रिम सीलंट अधिक टिकाऊ पडते. दर दोन महिन्यांनी ते पुन्हा लावण्याची तयारी असेल तर माझी पसंती त्यालाच आहे. सिरॅमिक कोटिंग त्याहून टिकते आणि ब्रेकची पूड त्यावर कमी धरते. मात्र ते लावताना खाली राहिलेला प्रत्येक डाग आणि ओरखडा बंदिस्त होतो.

आरशासारख्या धातूवर नंतर क्लिअर कोट मारून घेण्याचा सल्ला मी देत नाही. गुळगुळीत ॲल्युमिनियमवर लॅकर चांगले धरत नाही. योग्य रासायनिक पूर्वतयारीशिवाय मारलेले लॅकर वर्ष-दोन वर्षांत कडेपासून सुटते, आणि मग पॉलिशही करता येत नाही व तसेच ठेवताही येत नाही.

माझ्या डायमंड कट चाकात क्लिअर कोटखाली पांढऱ्या नागमोडी रेषा पसरत आहेत. त्या कशा काढाव्यात?

अळीने पानाच्या आत पोखरत केलेल्या वाटेसारख्या त्या दिसतात. खडी उडून किंवा फुटपाथला घासून क्लिअर कोटला बारीक चीर पडते, तिच्यातून ओलावा आणि मीठ आत जाते, आणि थराच्या खाली धातू धाग्यासारखा गंजत पुढे सरकतो. दमट हवेत हा प्रकार वेगाने वाढतो, म्हणून मुंबई, कोकण आणि गोव्यात तो अधिक आढळतो.

बाहेरून घासून, पॉलिश लावून किंवा क्लीनर वापरून त्या रेषा जात नाहीत, कारण त्या थराच्या आत आहेत. सगळा थर उतरवून, चाक पुन्हा रंगवून, लेथवर कापून आणि नवा क्लिअर कोट देऊनच ते दुरुस्त होते. प्रत्येक वेळी कापताना थोडा धातू जातो, त्यामुळे एकच चाक पुन्हापुन्हा कापता येत नाही. जुनी चाके विकत घेताना आधी रिकट झाले आहे का, हे विचारून घ्यावे. चीर ताजी असेल आणि रेषा अजून सुरू झाली नसेल, तर ती जागा धुऊन, पूर्ण वाळवून त्यावर टच-अपचा पारदर्शक थेंब लावावा. पाच मिनिटांच्या या कामाने कित्येक महिने मिळतात.

कोकणात किंवा समुद्रकाठी गाडी नेल्यावर वेगळी काळजी घ्यावी का?

पुळणीवर गाडी नेऊच नये, हे पहिले. ओली वाळू चाकाच्या आतल्या कडेत आणि ब्रेकमध्ये भरते, आणि तिच्यातले मीठ दर रात्री दवाने पुन्हा जागे होते. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावरून आलात तरी त्याच दिवशी चाकांवर, विशेषतः आतल्या बाजूवर, भरपूर गोडे पाणी मारावे. साबण नसला तरी चालेल, कारण मीठ नुसत्या पाण्यात विरघळते. काठावर राहणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा हे करावे. गाडी ओल्या ताडपत्रीखाली झाकून ठेवू नये, आत वाफ कोंडते. जांभ्याच्या मातीत लोहाचे ऑक्साइड असते आणि उघड्या ॲल्युमिनियमवर ती वाळली की तांबूस झाक राहते, म्हणून ती ओली असतानाच धुतलेली बरी.

टायर पंक्चर नाही, तरी हवा हळूहळू कमी होते. याचा चाकाशी संबंध असू शकतो का?

असू शकतो. ट्यूबलेस टायरची कडा रिमला जिथे टेकते तिथे ॲल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी धरते आणि हवा निसटू लागते. त्या कडेवर साबणाचे पाणी लावले की बारीक बुडबुडे दिसतात. टायर उतरवून ती जागा बारीक घासणीने स्वच्छ करून घ्यावी लागते, नुसती जास्त हवा भरून उपयोग नाही.

टायर बदलताना किंवा पंक्चर काढताना काय सांभाळावे?

लोखंडी पट्टीने टायर उचकटणाऱ्या दुकानात चकचकीत चाक देऊ नये. टायर चेंजर मशिन असलेले आणि तिच्या जबड्यांना प्लास्टिकचे आवरण लावणारे दुकान शोधावे. बॅलन्सिंगसाठी ठोकून बसवायच्या वजनांऐवजी आतून चिकटवायची वजने मागावीत. ठोकलेले वजन थर फोडते आणि तिथूनच गंज सुरू होतो. नट आडव्या-तिडव्या क्रमाने आवळावेत आणि शेवटचा ताण गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने द्यावा, कारण एअर गनने बेसुमार आवळल्यास नटाचे बैठक-खळगे चिरडतात. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासावा.

दसऱ्याच्या पूजेने चाकांना अपाय होतो का?

पूजा जरूर करावी. हळद-कुंकू टायरच्या रबरावर लावले तर काहीच बिघडत नाही. चाकाखाली ठेवलेल्या लिंबाचा रस उडून उघड्या ॲल्युमिनियमवर वाळला तर डाग पडतो, म्हणून गाडी फिरवून आणल्यावर ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

दुचाकीच्या ‘मॅकव्हील’ला हेच नियम लागू आहेत का?

हो. हे नाव ‘मॅग व्हील’वरून आले आणि त्याचे मूळ मॅग्नेशियमच्या जुन्या चाकांत आहे, पण आपल्या रस्त्यांवरच्या दुचाकींची ही चाके ॲल्युमिनियमचीच असतात आणि बहुधा रंगवलेली असतात. त्यांवर उडालेले चेनचे तेल थोड्या रॉकेलने सैल करून शाम्पूने धुवावे, आणि पुढच्या डिस्कला ते लागणार नाही याची खबरदारी घ्यावी.

मी अमेरिकेत किंवा कॅनडात राहतो. हिवाळ्यात काय करावे?

बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर सोडियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची क्लोराइडे टाकतात, आणि उघड्या ॲल्युमिनियमसाठी त्यांपेक्षा वाईट काही नाही. हिवाळी टायर साध्या स्टीलच्या रिमवर बसवून चकचकीत चाके वसंतापर्यंत धुऊन, सीलंट लावून, कोरड्या जागी ठेवावीत.

खड्ड्यात आपटून चाकाला बाक किंवा तडा गेला असेल, तर ते ठाकठीक करून पॉलिश करावे का?

किरकोळ बाक अनुभवी माणसाकडून काढता येतो. तडा मात्र वेल्डिंगने भरून त्यावर पॉलिश करणे मला मान्य नाही. ओतीव चाकांना उष्णतेच्या विशिष्ट प्रक्रियेने ताकद दिलेली असते, वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेची ती ताकद जाते, आणि वरच्या चकाकीमुळे आतला दोष दिसत नाही. धुताना आऱ्यांच्या मुळाशी आणि आतल्या कडेवर बोट फिरवून पाहण्याची सवय ठेवावी. केसाएवढी काळी रेष पुसूनही राहिली, तर ते चाक त्याच दिवशी उतरवावे आणि स्टेपनी लावावी.